चाळणीतून गेलेला मिस्त्री

सर्व संबंधितांस, आणि ज्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नाही अशांस विशेषकरून, कळविण्यात येते की ऐंशीच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात भारत आणि युगोस्लाव्हिया या दोन देशांमधले संबंध सुमारे तीन महिने माझ्या एकट्याच्या खांद्यावर होते. दिल्लीला याची कल्पना नव्हती. बेलग्रेडलाही नसावी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावच्या बसस्टँडवर मात्र पानवाल्यापासून हमालापर्यंत सगळ्यांना होती, कारण मी स्वतःच ती सगळ्यांना दिली होती.

मी तेव्हा मूलच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो. वय सत्तावीस. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रांच्या, दिवसांत गावोगावी नाटकं व्हायची, त्यांत मी खलनायक करायचो. त्यामुळे आवाज मोठा आणि भीड कमी. गावाबाहेर, सिंदेवाहीच्या रस्त्याला, तेव्हा एक प्लायवूडचा कारखाना नवा उभा राहत होता. मालक नागपूरचे. त्यांनी थेट युगोस्लाव्हियातून एक मशीन मागवली होती. तिच्यात ओंडका अडकवायचा, तो गरगर फिरतो, आणि समोरचं लांबलचक पातं त्याचा कागदासारखा पातळ पापुद्रा सोलत जातं; कापडाचं थान उलगडावं तसा सलग. मशीनबरोबर ती बसवून द्यायला एक इंजिनिअर आला. सर्बियन होता. सहा फूट उंच, मिशा दाट, आणि आल्यापासून चौथ्या दिवशी उन्हानं असा लाल झालेला की मजूर त्याच्याकडे पाहून आधी पाण्याचा तांब्या पुढे करायचे आणि मग नमस्कार. सगळे त्याला पाहुणा साहेब म्हणत.

पाहुण्या साहेबाला इंग्रजी येत होतं, यात वाद नाही. पण ते त्यानं रात्रशाळेत, पुस्तकातून कमावलेलं होतं, आणि त्यातले शब्द तेवढे इंग्रजी होते. बोलायचा तो आपलंच. त्याच्या गावाकडे लोक जसं बोलतात तसं, शब्दाला शब्द ठेवून.

माझं काम सोपं होतं. शाळा सुटल्यावर कारखान्यात जायचं, पाहुण्यानं दिवसभरात काय केलं ते त्याच्या तोंडून ऐकायचं, इंग्रजीत लिहायचं आणि नागपूरला व्यवस्थापकांना पोस्टानं पाठवायचं. मला वाटलं, हे तर बसल्या बसल्या होईल.

पहिल्याच दिवशी ओंडक्यांचा पहिला ट्रक आला होता. गडचिरोलीकडची सावर, सरळसोट, बिनगाठीची. पाहुण्यानं एका ओंडक्यावर थाप मारली, दुसऱ्यावर मारली, माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "माझी कुऱ्हाड मधात पडली."

मी इकडेतिकडे पाहिलं. कुऱ्हाड दिसेना. मधही दिसेना. पण मी इमानी माणूस. इंग्रजीत लिहून टाकलं, की आज दुपारी इंजिनिअरची कुऱ्हाड मधात पडली.

पाच दिवसांनी नागपूरहून टाइप केलेलं उत्तर आलं. त्यात विचारलं होतं की सदर कुऱ्हाड कंपनीच्या स्टोअरमधून देण्यात आली होती काय. मध हे वनोपज असल्यामुळे ते आवारात कोणी आणलं आणि वनखात्याची परवानगी घेतली होती काय. आणि इंजिनिअरला मधमाश्या चावल्या असल्यास त्याच्या दूतावासाला कळवावं लागेल, तरी सविस्तर खुलासा करावा. खाली व्यवस्थापकांनी स्वतःच्या हातानं एक ओळ जोडली होती: यापुढे कृपया नैसर्गिक इंग्रजीत लिहावे.

हे पत्र मी कारखान्याच्या शेडमध्ये उभा राहून वाचत होतो. शेजारी मिस्त्री मशीनच्या पायाचे बोल्ट आवळत होता. मी त्याला मराठीत सांगितलं की हे असं असं झालं, पाहुणा कुऱ्हाड मधात पडली म्हणाला आणि मी आता काय खुलासा करू.

त्यानं पाना खाली ठेवला नाही. आवळता आवळताच म्हणाला, "लाकूड चांगलं भेटलं म्हने तो. नशीब उघडलं म्हनून खुश होता."

"तुम्हाला कसं माहीत, भाऊ?"

"मी तिथीच होतो ना. त्याचं तोंड पाह्यलं नाई का तुमी?"

मी पाहिलं नव्हतं. मी शब्द पाहत होतो.

हा मिस्त्री म्हणजे चाळिशीतला, बारीक, काटक माणूस. सातवीपर्यंत शिकलेला. वीस वर्षं त्यानं लाकूड डेपोंवर आरा मशीन चालवली होती. आलापल्लीला, सिरोंच्याला, पार भामरागडच्या वाटेवर. तिथे हमाल गोंडी बोलायचे, ठेकेदाराचा मुनीम तेलुगू बोलायचा, ट्रकवाले सरदारजी पंजाबीत शिव्या द्यायचे, आणि आऱ्याचा आवाज असा की मराठीही ऐकू येऊ नये. अशा ठिकाणी समोरच्याला काय म्हणायचंय हे वेळेत कळलं नाही तर बोट जातं. मिस्त्रीची दहाही बोटं शाबूत होती. यावरून काय ते समजा.

पण डेपोचं काम म्हणजे हंगामी. लिलाव झाला, लाकूड उचललं, की डेपो रिकामा आणि मिस्त्री पुढच्या गावाला. घरात बाबासाहेबांचा फोटो, आणि फोटोखाली मुलीची पुस्तकं. दर बदलीला आधी फोटो उतरायचा, मग पुस्तकं बांधली जायची. मुलगी त्या वर्षी माझ्याच वर्गात नववीला होती. हुशार, आणि ही तिची पाचवी शाळा. कारखान्यात मिस्त्रीला घेतलं होतं ते फक्त मशीन बसवण्यापुरतं. पाहुणा परत गेला की ती मशीन चालवायला एक जण कायमचा ठेवायचा होता. तो मिस्त्री असेल की नागपूरहून येणारा कोणी, हे पाहुण्याच्या शिफारशीवर ठरणार होतं. मिस्त्री याबद्दल कधी बोलायचा नाही. एकदाच, बोल्ट पुसता पुसता म्हणाला होता, "पोरगी दहावी इथीच झाली पाह्यजे, मास्तर. मंग मी कुठीबी जातो."

तर त्या दिवसापासून आमची पद्धत बसली. शिफ्ट संपली की शेडच्या मागच्या मोहाच्या झाडाखाली आम्ही तिघं बसायचो. पाहुणा त्याच्या इंग्रजीत बोलायचा. मी त्याचे शब्द जसेच्या तसे मराठीत मिस्त्रीच्या पुढ्यात ओतायचो. मिस्त्री माझ्याकडे ढुंकूनही पाहायचा नाही. पाहुण्याच्या भुवया, खांदे, बोटं बघायचा. मग तो त्याचा अर्थ आमच्या झाडीपट्टीच्या बोलीत सांगायचा. आणि मग मी ते उत्तम, नैसर्गिक, इस्त्री केलेल्या इंग्रजीत उतरवायचो. पाहुण्याला वाटायचं, मी मिस्त्रीला कामाच्या सूचना देतोय. मिस्त्रीला वाटायचं, मास्तर आपल्याशी गप्पा मारतोय. नागपूरला वाटायचं, माणूस हिऱ्यासारखा मिळाला. मी कोणाचाच गैरसमज दूर केला नाही.

एक दिवस पाहुणा हात लांब करून सगळ्या क्षितिजावर फिरवत म्हणाला, "आपण देवाच्या पायांच्या मागे आहोत."

मला एकदम भरून आलं. एवढ्या लांबून आलेला माणूस, आणि आमच्या मुलखाला देवाच्या चरणांची उपमा देतो. मी मनातल्या मनात मोठं वाक्य जुळवायला घेतलं; पवित्र भूमी वगैरे. तोंडानं मिस्त्रीला शब्द सांगितले.

"पायाशी म्हने का पायामागं?"

"पायामागं."

"मंग देवाचं तोंड तिकडं हाये, मास्तर. नागपूरकडं. इथी कोनाचं ध्यान नाई, असं म्हनून राह्यला." आणि थोडं थांबून, "खोटं नाई बोलला."

अहवालात मी लिहिलं: ठिकाण दुर्गम असल्यामुळे सुटे भाग मिळण्यास विलंब होत आहे. नागपूरनं दुसऱ्याच आठवड्यात दोन पेट्या जीपनं पाठवल्या.

शब्दांवाचून चालायचं असंही नव्हतं. एकदा हात धुताना पाहुण्यानं 'सापुन' मागितला आणि दहा मजुरांपैकी दहांनी साबण पुढे केला. त्याला इतका आनंद झाला की खिशावर हात मारून 'जेप' म्हणाला. एक हिंदी बोलणारा हमाल म्हणाला, "जेब, और क्या." त्यानंतर अर्धा तास काम बंद. पाहुणा एकेक शब्द फेकायचा आणि मजूर झेलायचे. 'दुश्मन' निघाला तेव्हा तर टाळ्या पडल्या.

आता कानाचं प्रकरण. ते मला सांगावंच लागेल, कारण त्यात स्टोअरकीपरची अब्रू गेली आणि मला त्याचा अजून आनंद आहे.

मे महिना होता. आमच्याकडचा मे ज्यांनी पाहिला नाही त्यांनी दुपारी तव्याजवळ तोंड न्यावं. कारखान्यानं पाहुण्याच्या खोलीला मोठा कूलर लावून दिला होता, वाळ्याच्या ताट्या लावलेला, गार पाण्याचा वास सोडणारा. पाहुणा पहिलं काय करायचा, तर तो बंद. नंतर खिडकी बंद. मग दार बंद. आत घामानं निथळत बसायचा आणि मानेला टॉवेल गुंडाळायचा. त्याच्या देशात म्हणे लोक कशालाही भीत नाहीत, पण दोन उघड्या खिडक्यांमधून जाणाऱ्या वाऱ्याला भितात. तो वारा मानेला लागला की माणूस आजारी पडतो. कान, दात, पाठ, काहीही जातं. बाहेर पारा डोक्यावर चढलेला, पाखरं सावलीत चोच उघडून बसलेली, आणि हा माणूस कूलरकडे साप पाहिल्यासारखा पाहतोय.

स्टोअरकीपर नागपूरचा. नियमांचा भोक्ता. एकेका पान्यासाठी तीन सह्या घ्यायचा. एका दुपारी तो रजिस्टर घेऊन पाहुण्याच्या खोलीत गेला, की तुम्ही काल एक पाना सही न करता नेला, हे योग्य नव्हे. पाहुण्यानं त्याच्याकडे शांतपणे पाहिलं आणि म्हणाला, "माझा कान दुखतो."

स्टोअरकीपरचा चेहरा पडला. कारण आदल्या दिवशी कूलर त्यानंच, कंपनीची वस्तू वापरात असली पाहिजे म्हणून, जबरदस्तीनं चालू करून ठेवला होता. तो धावत स्वयंपाकघरात गेला. दहा मिनिटांनी लसूण घालून कोमट केलेलं तेल आणि कापसाचा बोळा घेऊन आला. पाहुणा नको नको म्हणत खुर्चीतून मागे सरकतोय, हा त्याच्या कानावर वाकतोय, असा देखावा मी दारात उभा राहून पाहिला. शेवटी तेल कानात गेलंच.

संध्याकाळी मोहाखाली मी मिस्त्रीला शब्द सांगितले. त्यानं पाहुण्याकडे पाहिलं. पाहुणा अजून कापूस काढत होता.

"कान दुखत नाई त्याचा," मिस्त्री म्हणाला. "तुह्या रजिस्टरचं मले काई पडलं नाई, असं म्हने तो स्टोअरवाल्याले. मले आधीच वाटलं. कान दुखनारा मानूस हात कानावर नेते. यानं तं पाय टेबलावर नेले."

त्यानंतर आमच्याकडे आठवडाभर कोणालाच काही सांगता येईना. हमालाला म्हणावं ती फळी उचल, तर म्हणायचा, "कान दुखून राह्यला, मास्तर." आणि गंभीर तोंडानं बघत राहायचा. माझ्या घरी मी बायकोला हे वाक्य एकदा वापरून पाहिलं. पुन्हा वापरलं नाही.

आणखी किती तरी होती. नवं पातं कधी येणार विचारलं तर पाहुणा म्हणायचा, वाळुंजाच्या झाडाला द्राक्षं लागतील तेव्हा. मी ते अर्धं सांगेपर्यंत मिस्त्री म्हणायचा, "नाई येत." स्टोअरकीपरनं एका हरवलेल्या नटावर तीन पानी पत्र लिहिलं, तेव्हा पाहुणा म्हणाला की हा डासाचं गाढव करतो. आपल्याकडे राईचा पर्वत होतो, त्यांच्याकडे डासाचं गाढव. मला तर त्यांचंच पटलं. गाढव निदान चावतं तरी.

माझी कीर्ती वाढत गेली. नागपूरहून पत्रं येत, त्यात माझ्या इंग्रजीची तारीफ असे. ती मी शाळेत मुख्याध्यापकांना सहज म्हणून दाखवत असे, आठवड्यातून दोन-तीनदा.

जून लागायच्या आधीच्या आठवड्यात मशीन पूर्ण बसली. चाचणीही झाली. सावरीचा पहिला सलग पापुद्रा बाहेर आला आणि लोक टाळ्या वाजवायला हात वर करणार, तेवढ्यात मिस्त्रीनं मशीन बंद केली. पापुद्र्यावरून बोट फिरवत म्हणाला, "पात्याले कुठीतरी लागलं हाये." आम्हाला काहीच दिसत नव्हतं. पाहुण्यालाही दिसलं नाही. मिस्त्रीनं सगळं उघडलं, पातं पुन्हा घासलं, त्यात अख्खी दुपार गेली. पाहुणा कंबरेवर हात ठेवून त्याच्याकडे पाहत उभा होता.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यानं मला खोलीत बोलावलं, दार लावलं, खिडकी लावली आणि एक कागद दिला. मिस्त्रीबद्दलची शिफारस. व्यवस्थापकांचा निरोप होता की ती गुप्त ठेवायची, संबंधित माणसाला कळता कामा नये. मी तिचं नैसर्गिक इंग्रजी करायचं आणि त्याच दिवशी नागपूरला धाडायचं.

म्हणजे पहिल्यांदाच मोहाखाली जायचं नव्हतं.

घरी बसून मी कागद उघडला. ओळी मोजक्याच होत्या. हा माणूस बारीक चाळणीतून गेला आहे आणि मोठ्या चाळणीतूनही गेला आहे. हा अंड्यात केस शोधतो. मला जे सांगायचं ते मी सांगितलं, पुढचं मालकांनी ठरवावं.

मला धक्का बसला. आमच्या मुलखात भाताशिवाय दुसरं पीक डोळ्यांपुढे येत नाही. मूलमध्ये राईस मिलचा भुसा अंगावर घेतच माणूस मोठा होतो. आणि राईस मिलमध्ये चाळणीचं काम काय? अख्खा तांदूळ वर राहतो. खाली पडते ती कनकी, म्हणजे तुकडा, आणि धूळ. ती कोंबड्यांना घालतात. एका चाळणीतून पडलेला माणूस कमी, दोन चाळण्यांतून पडलेला तर अगदीच गेलेला. दोनदा पारखून दोनदा टाकून दिलेला. आणि अंड्यात केस? अंड्यात केस नसतोच. जो नाही तो शोधणारा माणूस म्हणजे नसलेल्या खोडी काढणारा, तंटेखोर. कालची चाचणी मला आठवली, कंबरेवर हात ठेवलेला पाहुणा आठवला, आणि सगळं जुळलं.

मी रागावलो. मग उदास झालो. मग मला भाषांतरकाराचं कर्तव्य आठवलं. खरं सांगतो, त्या क्षणी मी रंगमंचावर उभा असल्यासारखा खोलीत उभा होतो. मित्राचं नुकसान होत असलं तरी शब्दाशी बेइमानी नाही, असं मी मोठ्यानं म्हणालो. बायकोनं आतून विचारलं, कोण आलंय. मी खाली बसलो आणि सुंदर इंग्रजीत लिहिलं की या इसमाला पूर्वी दोन ठिकाणी तपासून नाकारण्यात आलेलं आहे, आणि जिथे दोष नाही तिथे दोष काढण्याची त्याला सवय आहे. एक खाडाखोड नाही. पाकीट बंद केलं, पोस्टात टाकलं.

चार दिवसांनी व्यवस्थापक जीपनं आले. गोरेगोमटे, गोड बोलणारे गृहस्थ. आल्या आल्या स्टोअरकीपरशी काहीतरी बोलले आणि पाहुण्याचं अभिनंदन करायला आत गेले. मी शेडजवळ उभा होतो. मिस्त्री आला. हात पुसून झाले तरी पुसत होता.

"जयभीम, मास्तर."

"जयभीम, भाऊ."

"शाळा उघडली का पोरीची टीसी काढून ठेवसान."

"का? काय झालं?"

"स्टोअरवाला म्हन्ते, मशीनवर नागपूरचा मानूस येऊन राह्यला. पुढच्या सोमवारी." त्यानं शेडच्या आत, मशीनकडे पाहिलं. "आता अहेरीकडं एक डेपो निघून राह्यला म्हन्तात. तिथी दहावी हाये का नाई, ते पाहा लागन."

तो परत कामाला गेला. मी तिथून जो निघालो तो थेट पाहुण्याच्या व्हरांड्यात. व्यवस्थापक आत हात धूत होते. पाहुणा बाहेर आरामात बसला होता. त्याच्यापुढे, खाली, कारखान्याच्या स्वयंपाकाच्या बाई परातीत पीठ चाळत होत्या. आमच्याकडे भात असतो. पण व्यवस्थापकांना पोळी लागायची, म्हणून ते आले की त्या दिवशी गव्हाचं पीठ निघायचं.

मी पाहुण्याला विचारलं, माझ्या खलनायकाच्या आवाजात, की एका चांगल्या माणसाबद्दल तुम्ही असं का लिहिलंत.

"कसं?" तो म्हणाला.

"चाळणीतून गेला म्हणून. दोन दोन चाळण्यांतून."

"हो," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा फुलला. "माझ्याबद्दल अजून कोणी इतकं चांगलं लिहिलेलं नाही."

मी त्याच्याकडे पाहत राहिलो. त्याला वाटलं, मला कळलं नाही. त्यानं शब्द शोधले, सापडले नाहीत, आणि मग वाकून बाईंच्या परातीकडे बोट दाखवलं. चाळणीतून खाली पांढरंशुभ्र पीठ पडत होतं. वर कोंडा राहत होता. "माझी आई," तो म्हणाला, आणि वरचा कोंडा कोंबड्यांना फेकायची खूण केली. मग खालच्या पिठाला हात लावला आणि बोटाचं चुंबन घेतलं.

त्याच्या घरी गहू. माझ्या घरी भात. त्याच्या कोंबड्या वरचं खायच्या, माझ्या खालचं.

"आणि अंड्यातला केस?" मी विचारलं, पण आवाज आता खलनायकाचा राहिला नव्हता.

पाहुणा आत जाऊन चाचणीच्या दिवशीचा पापुद्र्याचा तुकडा घेऊन आला. त्यानं तो जपून ठेवला होता. उजेडासमोर धरला. त्यात एक रेघ होती, केसापेक्षा बारीक. त्याच्या गावी हे चिकट माणसाला वैतागून म्हणतात, एवढं त्यानं मान्य केलं. पण पात्याच्या मशीनवर, तो म्हणाला, असाच माणूस पाहिजे. मला जी रेघ दिसली नाही ती त्याच्या बोटाला लागली.

तेवढ्यात व्यवस्थापक हात पुसत बाहेर आले. मी पुढचा मागचा विचार न करता बाईंना म्हणालो, "बाई, चाळणी द्या." दुसऱ्या हातानं मी आतून मूठभर तांदूळ आणले.

"साहेब," मी म्हणालो, "पोळी कशाची करतात? चाळणीच्या वर राहतं त्याची, का खाली पडतं त्याची?"

"खाली पडतं त्याची," ते म्हणाले. "का?"

"आणि भात?"

ते थांबले. "वर राहतो त्याचा."

"साहेब, पाहुणा पोळीवाला आहे आणि मी भातवाला आहे. मिस्त्री खालचं पीठ होता. मी त्याला कनकी केलं."

पुढची पाच मिनिटं मी जे बोललो त्यात नाट्य कमी आणि घाम जास्त होता. पाहुणा मधून मधून मान हलवत होता. व्यवस्थापकांनी माझ्याकडून मूळ कागद मागून घेतला, वाचला, माझं पत्र स्वतःच्या खिशातून काढून शेजारी धरलं. बाईंचं चाळणं थांबलं होतं. त्याही ऐकत होत्या. मग व्यवस्थापक हसायला लागले, आणि हसता हसता खुर्चीत बसले.

"मास्तर, तुमचं इंग्रजी फारच सुंदर आहे हो," ते म्हणाले. "मी एका शब्दालाही शंका घेतली नाही."

मिस्त्रीला बोलावणं गेलं. तो आला, दारात उभा राहिला, टीसीचीच काही भानगड असेल अशा चेहऱ्यानं. व्यवस्थापक म्हणाले, "नागपूरचा माणूस येणार नाही. मशीन तुमच्याकडे. कायम."

हातातली चिंधी मिस्त्रीनं दुसऱ्या हातात घेतली. पाहुण्यानं उठून त्याचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मग व्यवस्थापकांना राहवलं नाही. त्यांनी सगळी हकीकत सांगायला घेतली, चाळणीसकट, कनकीसकट, कोंबड्यांसकट. आमचे मास्तर, ते म्हणाले, पाहुण्याचं प्रत्येक बोलणं तीन महिने बिनचूक ओळखत आले, एकट्यानं, कोणाच्या मदतीशिवाय. आणि नेमके तुमच्या वेळेला चुकले.

मिस्त्रीनं सगळं ऐकून घेतलं. मग तो माझ्याकडे वळला. चेहऱ्यावर राग नव्हता, खरोखरचं आश्चर्य होतं, आणि ते त्याच्या तोंडून व्यवस्थापकांसमोर, पाहुण्यासमोर, बाईंसमोर निघून गेलं:

"मंग मले काऊन नाई इचारलं, मास्तर? रोज तं इचारता."